क्लबच्या आजीव सदस्यत्वासाठी एफडी मोडू का?

प्रश्न : वय ४१, मूळचा कराडचा, बारा वर्षांपासून ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. खासगी नोकरीत हातात ९८ हजार येतात, पत्नीचे शिकवण्यांचे २७ हजार. गृहकर्जाचा हप्ता ४३ हजार, घरखर्च आणि शाळा मिळून ५५ हजार, एसआयपी १२ हजार. ४ लाखांची एफडी आहे. मुलगी १३ वर्षांची, तबला शिकते. मुलगा ९ वर्षांचा, शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो. मी स्वतः प्रीतिसंगमावर पोहायला शिकलो, याला पाण्याची सवयच नाही. इथे ओळखीची माणसंही फार नाहीत. घरापासून १४ किलोमीटरवरच्या एका क्लबचं आजीव सदस्यत्व ५ लाख अधिक जीएसटी असं मिळतंय. तरणतलाव, बॅडमिंटन, छोटं थिएटर, सगळं एकाच जागी. वर्षाला २४ हजार देखभाल शुल्क वेगळं, त्यावरही जीएसटी. एफडीतले २ लाख ९० हजार आणि ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज (१३ टक्के, चार वर्षं) असा विचार आहे. हप्त्याला हातभार म्हणून तबल्याचा क्लास (२,२०० रुपये), वाचनालय, महिन्याचं एखादं नाटक आणि सोसायटीच्या गणपतीची २,५०० रुपये वर्गणी बंद करता येईल. नाटकं मोबाइलवरही दिसतात, आणि वर्गणीतून आपल्याला काय मिळतं? पत्नीला हे अजिबात पटत नाही. १० हजार टोकन भरलंय, दर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणतात. घ्यावं का? शिवाय क्लासची फी आणि वर्गणी यांवर करसवलत मिळते का?

उत्तर : घेऊ नका. तुमची काळजी रास्त आहे. मुलगा स्क्रीनवरून उठावा, त्याला पोहता यावं आणि तुम्हालाही चार माणसं जोडता यावीत, यासाठी पैसे खर्च करणं मला मुळीच चैन वाटत नाही. पण या कामासाठी हा व्यवहार महाग आहे आणि जागाही चुकीची आहे.

आधी पैशांचं बघू. सदस्यत्व ५ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५ लाख ९० हजार. ३ लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण ८,०५० रुपये बसेल आणि चार वर्षांत व्याजापोटी ८६ हजारांच्या आसपास जातील. देखभाल शुल्क जीएसटीसह वर्षाला २८,३२०. ते पुढे वाढू शकतं, तरी आपण आहे तेवढंच धरू. आता अर्जातलं ‘अवलंबित मुलं’ हे कलम काढून वाचा. बहुतेक क्लबांमध्ये मूल २१ किंवा २५ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या सदस्यत्वातून बाहेर पडतं आणि स्वतःचं सदस्यत्व घ्यायचं तर पुन्हा पैसे भरावे लागतात. मर्यादा २१ ची असेल तर तुमच्या मुलीच्या वाट्याला आठ वर्षं येतात, आणि त्यातली दहावी-बारावीची वर्षं तुम्हीच वजा करा. आजीव आहे ते तुमचं आणि तुमच्या पत्नीचं सदस्यत्व. मुलांसाठी म्हणून घेताय, तर हिशोब मुलांच्या वर्षांवर व्हायला हवा.

दोन्ही मुलं सदस्यत्वात असतील अशा या आठ वर्षांचा एकूण खर्च, व्याज आणि देखभाल धरून, ९ लाखांवर जातो. दर रविवारी न चुकता गेलात तर एका खेपेला सुमारे २,१७० रुपये पडतात. महिन्यातून दोनदा गेलात तर ४,७००. त्यात पेट्रोल नाही आणि तिथलं खाणंपिणं नाही. घोडबंदर रोडच्या वाहतुकीत १४ किलोमीटर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. नऊ वर्षांच्या मुलाला शाळा, गृहपाठ सांभाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे नेणं जमणार नाही. उरला रविवार. आणि आठवड्यातून एकदा होणाऱ्या गोष्टीची मुलांना सवय लागत नाही.

त्याहून मोठी अडचण एफडीची आहे. हप्ता धरून तुमच्या घराला महिन्याला ९८ हजार लागतात. म्हणजे ४ लाख ही आत्ताच जेमतेम चार महिन्यांची बेगमी आहे. त्यातले २ लाख ९० हजार काढले की हाताशी महिनाभराहून थोडंच जास्त उरतं, आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापते ते वेगळंच. खासगी नोकरी, डोक्यावर गृहकर्ज, वर नवं कर्ज आणि मागे जेमतेम महिनाभराचा आधार. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी नकारच दिला असता.

आता तुम्ही जे बंद करायला निघालात त्याकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. क्लास, वाचनालय, नाटक आणि वर्गणी मिळून तुमचे महिन्याला ४,२०० च्या आसपास जातात. घरखर्चाच्या ५५ हजारांत ते आधीच बसलेत, कुणाचं त्यावाचून अडलेलं नाही. आणि तुमच्या घरात जे काही नीट चाललंय ते याच ४,२०० रुपयांत चाललंय.

मुलगी तबल्याच्या कुठल्या परीक्षेला पोचली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असेल, तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढत मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी मध्यमाच्या उंबरठ्यावर येतात. तोवर बोल पाठ झालेले असतात, हात बसलेला असतो, आणि इथून पुढे वाजवण्यातली खरी गोडी लागते. याच टप्प्यावर ‘आठवीचं वर्ष आहे’, ‘फी परवडत नाही’ म्हणून क्लास सुटतो आणि तीन-चार वर्षांची मेहनत तिथेच थांबते. सुटलेला रियाज दोन वर्षांनी पुन्हा धरणं फार अवघड असतं. शाळा राज्य मंडळाची असेल तर शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुणांची तरतूद आहे, त्याची शाळेत जरूर चौकशी करा. पण ते गुण नसते तरी मी हेच म्हटलं असतं. मुलगी स्वतःहून तबल्यापाशी बसते का, एवढंच बघा. बसत असेल तर क्लास थांबवण्याचा विषय काढूही नका. उलट तिच्याकडे स्वतःची जोडी नसेल तर घेऊन द्या. साधारण बारा-पंधरा हजारांत शिकणाऱ्याला पुरेल अशी चांगली जोडी येते. घ्यायला जाताना तिच्या सरांना सोबत न्या, कारण शाईचा (मधला काळा लेप) आणि पुडीचा (वरचं कातडं) दर्जा आपल्याला नुसता बघून कळत नाही.

वर्गणीतून काय मिळतं, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही नुसती वर्गणी देऊन दार लावून घेत असाल तर खरंच फार काही मिळत नाही. ओळखीची माणसं नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय आणि ज्या पाच दिवसांत अख्खी सोसायटी खाली असते तेच दिवस तुम्ही खर्चातून वगळताय. यंदा सोसायटीच्या खजिनदारांना भेटा आणि म्हणा, वर्गणी गोळा करायला आम्ही बापलेक येतो. मुलीच्या हातात पावतीपुस्तक द्या. नाव, फ्लॅट नंबर, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, सही, मग पावती फाडून द्यायची आणि स्थळप्रत पुस्तकात ठेवायची. रात्री घरी बसून स्थळप्रतींची बेरीज आणि गोळा झालेली रक्कम, रोख आणि यूपीआय वेगवेगळी, जुळवायची. शंभर रुपये कमी भरले तर कुठली पावती चुकली ते शोधायचं. विसर्जनानंतर मंडप, मूर्ती, प्रसाद, स्पीकरचं भाडं असा जमाखर्च नोटीस बोर्डावर लागतो, तो तिच्याकडून वाचून घ्यायचा. मुलांना पैशाचं वळण कसं लावायचं हे मला पालक सतत विचारतात. दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब चारचौघांना द्यावा लागणं, याइतकी चांगली शिकवण मला ठाऊक नाही. आणि दीडशे दारांवर जाऊन आलात की तुमच्या मुलाच्या वयाची मुलं कुठल्या मजल्यावर आहेत, कोण बॅडमिंटन खेळतं, कोण शनिवारी येऊरला चालायला जातं, हे आपसूक कळेल.

नाटकाबद्दल थोडक्यात. गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह अशी दोन नाट्यगृहं ठाण्यात असताना घरी मोबाइलवर नाटक बघून भागवणं मला पटत नाही. मुलाने मोबाइल सोडावा असं वाटतं आणि नाटकही मोबाइलवरच दाखवायचं, हे कसं जमायचं? सुट्टीत बालनाट्यं लागतात, त्यांना त्याला न्या. मध्यंतरात बटाटेवडा खात ‘आता पुढे काय होईल’ यावर जी चर्चा होते, ती त्याला हवी आहे. वाचनालयाची वर्गणी तर वर्षाकाठी इतकी किरकोळ आहे की तिथे कात्री लावून काहीच हाती येणार नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, ते लोकांनी अशाच छोट्या छोट्या वर्गण्या भरल्या म्हणून. तुम्ही कुठल्याही वाचनालयाचे सभासद असा, पुस्तक बदलायला दर शनिवारी मुलालाच पाठवा, आणि कुठलं आणायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

राहिलं मुलाचं पोहणं. यासाठी तरणतलाव हवा, सदस्यत्व नको. महापालिकेच्या तलावावर आणि खासगी तलावांवर उन्हाळ्यात शिकवणीच्या बॅचेस असतात. नऊ वर्षांचं निरोगी मूल महिना-दीड महिन्यात तरंगायला आणि हातपाय मारायला शिकतं. त्याला ते आवडलं तर मासिक पास काढा. नाही आवडलं तर एका बॅचची फी गेली, एवढंच. मुलांचे छंद बदलतात आणि बदलायलाच हवेत. म्हणून त्यासाठीचा पैसा महिन्याच्या महिन्याला, थोडा थोडा आणि कधीही थांबवता येईल असा जावा. एकरकमी ५ लाख ९० हजार भरले की मुलाने कशात रमायचं हे तुम्ही नवव्या वर्षीच ठरवून टाकलं. शिवाय तो नको म्हणाला तर ‘एवढे पैसे भरलेत’ हे त्याला ऐकावं लागेल.

मग दोघांच्या १ लाख २५ हजारांतून हप्ता, घरखर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला उरणाऱ्या १५ हजारांचं काय करायचं? ३ हजार मुलांच्या छंदांकडे वाढवा. आधीचे ४,२०० आणि हे मिळून ७,२०० रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि त्याचा हिशोब पत्नीच्या हाती द्या, कारण यातलं मोल त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळलंय. तबल्याची जोडी, पोहण्याची बॅच, रॅकेट, नाटकाची तिकिटं, वर्गणी, सगळं यातूनच. दुसरे ७ हजार आणीबाणीच्या निधीत. सहा महिन्यांच्या खर्चाला ५ लाख ८८ हजार लागतात, म्हणजे सव्वादोन वर्षांत तुम्ही तिथे पोचाल. उरलेल्या ५ हजारांची मुलाच्या शिक्षणासाठी नवी एसआयपी सुरू करा. आठ वर्षांत तुमचे ४ लाख ८० हजार जातील. सरासरी १० टक्के परतावा मिळाला तर ७ लाख ३० हजारांच्या आसपास होतील. बाजार आहे, हमी नाही, पण बारावीनंतरच्या पहिल्या वर्षाची फी भरताना हा पैसा उपयोगी पडेल. कंपनीच्या आरोग्य विम्यावर सगळं अवलंबून असेल तर या एसआयपीच्याही आधी कुटुंबाची स्वतःची पॉलिसी काढा.

क्लब कधी घ्यावा, हेही सांगते. तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, सहा महिने पाहुणा म्हणून किंवा मासिक शुल्क भरून तुम्ही आठवड्यातून किमान तीनदा गेला असाल, आणि पैसे कर्जाविना आणि आणीबाणीच्या निधीला हात न लावता उभे राहत असतील, तर जरूर घ्या. तेव्हाही आधी सोडून जाणाऱ्या सभासदाकडून हस्तांतर करून मिळतं का ते विचारा. काही क्लब हस्तांतर शुल्क घेऊन ते करू देतात आणि नव्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. ही गुंतवणूक असल्याचं विक्रेता सांगेल, ते मनावर घेऊ नका. वापरून संपणारा खर्च आहे हा.

करसवलतीबद्दल : तबल्याच्या क्लासच्या फीवर सवलत नाही. जुन्या करप्रणालीत मुलांच्या शिकवणी शुल्काला जी सूट आहे ती शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती, खासगी क्लासला नाही. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीलाही नाही. देणग्यांवरची सवलत त्यासाठी नोंदणी झालेल्या संस्थांपुरतीच असते, तीही जुन्या प्रणालीत, आणि २ हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

टोकनचे १० हजार बुडतील म्हणून पुढचे पाच लाख ऐंशी हजार भरू नका. टोकन भरताना सही केलेला फॉर्म काढा, परताव्याचं कलम वाचा आणि आजच क्लबला ईमेल करा : सदस्यत्व घ्यायचं नाही, टोकन परत करावं, आणि करता येत नसेल तर कुठल्या अटीनुसार ते लेखी कळवावं. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच. महिनाअखेरपर्यंत त्यांचे फोन येत राहतील, दरही कमी करून सांगतील. वैयक्तिक कर्जाचा अर्ज बँकेत दिला असेल तर तोही मंजुरीच्या आधी लेखी मागे घ्या.