वेळेला ऑपरेटर का नाही?

प्रश्न : क्वांटम यांत्रिकीत स्थान, संवेग आणि ऊर्जा या मोजता येणाऱ्या राशींना ऑपरेटर (कणाच्या अवस्थेवर लागू होणारी, त्या राशीचे प्रतिनिधित्व करणारी गणिती क्रिया) असतात; मग घड्याळाने मोजली जाणारी वेळ त्यांत का नाही?

उत्तर : श्रोडिंगरच्या समीकरणात वेळ ही कणाची राशी नसून, कणाची अवस्था जिच्या आधारे बदलत जाते ती बाहेरून दिलेली चलराशी आहे. अडचणीचे मूळ भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांनी १९३३ मध्ये एका तळटीपेत दाखवले : स्थान आणि संवेग यांच्यासारखेच नाते ऊर्जेशी असलेला स्वसंलग्न (मोजता येणाऱ्या राशींच्या ऑपरेटरकडून नेहमी अपेक्षित असलेल्या गणिती प्रकारचा) वेळ-ऑपरेटर मानला, तर त्याच्या साहाय्याने कोणत्याही अवस्थेची ऊर्जा हवी तितकी खाली सरकवता येईल, ऊर्जेला किमान मर्यादाच उरणार नाही आणि अणूची तळाची स्थिर अवस्थाही संभवणार नाही. (या युक्तिवादात गणिती पळवाटा आहेत, पण त्यांतून सर्वत्र चालेल असा ऑपरेटर मिळत नाही.)

मग ऊर्जा-वेळ अनिश्चिततेचे, म्हणजे ऊर्जेची अनिश्चितता आणि वेळेची अनिश्चितता यांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही या नियमाचे, काय? भौतिकशास्त्रज्ञ मांडेलश्टाम आणि टाम यांनी १९४५ मध्ये तिला नेमका अर्थ दिला. त्यांच्या मते तिच्यातील वेळ म्हणजे एखाद्या राशीचे सरासरी मूल्य तिच्या स्वतःच्या अनिश्चिततेइतके बदलण्यास लागणारा कालावधी. माझ्या मते पाठ्यपुस्तकांतील ढोबळ विधानापेक्षा हे कितीतरी समाधानकारक आहे.

कण शोधकावर (कण टिपणाऱ्या उपकरणावर) केव्हा आदळला, हे मात्र प्रयोगशाळेत खरोखरच नोंदवले जाते. अशा आगमनवेळेसाठी स्वसंलग्न ऑपरेटरचा आग्रह सोडून प्रत्येक कालखंडाला एक धन ऑपरेटर (ज्यावरून येणारी संभाव्यता कधीही ऋण नसते असा) जोडला जातो आणि त्यावरून संभाव्यता काढली जाते. तथापि कोणती रचना योग्य, याविषयी अद्याप एकमत नाही.