गड्ड्याचा सेल आणि गेटवरची पाटी

नमस्कार मंडळी. या वेळी पत्रं बरीच आलीत आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच विषयावर: सेलच्या छोट्या पाट्या कुठं लावायच्या, कशाच्या करायच्या, त्यावर काय लिहायचं. गड्ड्याचा, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचा, सीझन तोंडावर आलाय म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त पाट्या.

प्रश्न: मी चादरी, टॉवेल, बेडशीट विकते. दुकान विजापूर रोडपासून आत, गल्लीत आहे. भाचा अमेरिकेत डॅलसला असतो, तो म्हणतो तिकडं छोटे दुकानदार सेलच्या वेळी लोकांच्या घरासमोर छोट्या पाट्या रोवतात, यार्ड साईन म्हणतात त्याला, तू पण गड्ड्याला तसं कर. ५० पाट्या छापायचा विचार आहे. करू का? आणि त्यावर काय काय लिहू? – एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, करा, पण ५० नको. १२ करा.

भाच्याने सांगितलं ते बरोबर आहे. तिकडची पाटी साधारण २४ इंच रुंद आणि १८ इंच उंच असते, पोकळ नळ्या असलेल्या प्लॅस्टिक शीटची, आणि दोन पायांच्या तारेच्या स्टँडवर हिरवळीत रोवलेली. पण माझ्या मते तिथं खरं काम पाटी करत नाही, ज्याच्या घरासमोर ती उभी आहे तो माणूस करतो, कारण पाटी त्याच्या जागेत त्याला विचारून लावलेली असते आणि जाणाऱ्याला वाटतं की अच्छा, यांचा या दुकानावर विश्वास दिसतोय. आपल्याकडं खांबाला बांधलेला बोर्ड कुणी लावला, कधी लावला, काही पत्ता नसतो, म्हणून तो दिसतो पण कुणी मनावर घेत नाही. तेव्हा तिकडची पाटी घ्या किंवा नका घेऊ, ती विचारून लावायची पद्धत मात्र जरूर घ्या. आणि विचारून लावायची म्हटल्यावर ५० जणांकडं जाणं, त्यांच्याशी बोलणं, नंतर ५० पाट्या काढून आणणं एकटीच्यानं होत नाही, १२ होतात.

कुणाला विचारायचं? आधी पिठाची गिरणी. गिरणीत माणूस डबा ठेवून दहा मिनिटं उभा राहतो आणि समोर जे असेल ते वाचतो, दोनदा वाचतो. मग ब्लाऊज शिवणाऱ्या ताई, कारण त्यांच्याकडं येणारी बाई कापडाच्याच विचारात असते. मग इस्त्रीवाले, मेस, आणि तुमची जुनी गिऱ्हाईकं ज्यांचं घर कोपऱ्यावर आहे आणि गेट रस्त्याला तोंड करून आहे. त्यांना एक टॉवेलची जोडी द्या आणि स्पष्ट सांगा की अमुक तारखेला मी स्वतः येऊन पाटी काढून नेणार. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, लोक नाही म्हणतात ते पाटीला नाही, नंतर ती तशीच लोंबकळत राहील या भीतीला म्हणतात.

आता लिहायचं काय ते. एक हिशोब सांगते. अक्षर आरामात वाचता यायला दर १० फुटांना १ इंच उंची लागते असा पेंटर लोकांचा ठोकताळा आहे. तुमची पाटी १८ इंची, त्यात ४ इंची अक्षरांच्या जेमतेम तीन ओळी बसतात, म्हणजे ती ४० फुटांवरून नीट वाचता येईल. पण गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ३६ फूट पळते. म्हणजे तुमच्या पाटीला मिळाला एक सेकंद! सरळ रस्त्यावर म्हणूनच या पाट्या वाया जातात. जिथं गाडी आपोआप हळू होते तिथं लावा, स्पीड ब्रेकरच्या पुढं, वळणावर, गिरणीपुढं, शाळेच्या गेटसमोरच्या घराला. आणि ओळी तीनच:

सोलापुरी चादर
जोडी अमुक रुपये
रविवारपर्यंत, डावीकडं आत →

दुकानाचं नाव मोठं लिहायचा मोह होतो, मला कळतं, पण नाव दुकानावर आहेच. पाटीचं काम माणसाला गल्लीत वळवणं. फोन नंबर पण नको, चालत्या गाडीवरून कुणी नंबर टिपत नाही. बाण मात्र प्रत्येक पाटीवर त्या त्या जागेप्रमाणे पाहिजे, आणि तो छापायचा नाही, चिकटवायचा, कारण छापून आलेल्या १२ पैकी निम्मे बाण उलट्या बाजूला निघतात.

गड्ड्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. होम मैदानावरची गर्दी तुमच्या गल्लीत येणार नाही, ती तिथल्या स्टॉलवर खर्च करून परत जाते. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांच्या घरी गड्ड्याला पाव्हणे उतरलेत ते. अक्षता सोहळा बघून, पाळण्यात बसून पाव्हणे निघतात तेव्हा घरच्या बाईला हातात काहीतरी द्यायचं असतं, आणि सोलापुरातून चादर दिली तर कोण नाही म्हणेल? म्हणून पाटी संक्रांतीच्या आठवडाभर आधी कॉलनीत लावा. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, जातात त्या मार्गावर मात्र काहीच लावू नका, मिरवणुकीला अडचण होते आणि ती आपल्या सिद्धेश्वर महाराजांची वाट आहे, तिथं सेल नको.

प्रश्न: मी मागच्या दिवाळीत ३० बोर्ड विजेच्या खांबांना आणि झाडांना बांधले होते. तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि सगळे काढून नेले, दंडाची भाषा पण केली. खर्च सगळा पाण्यात. छोट्या माणसानं जाहिरात करायचीच नाही का? – एक वाचक, अशोक चौक परिसर

दादा, पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, सीझनला तेवढे पैसे म्हणजे कारागिराचा आठवड्याचा पगार असतो. पण खांब आणि झाड या जागा आपल्या नाहीतच. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि बेकायदा फलकांवर मुंबई हायकोर्टाने महापालिकांना वारंवार फटकारलंय, त्यामुळं कारवाई आता होतेच. कायदा बाजूला ठेवला तरी विजेच्या खांबावर चढून तार बांधणारा पोरगा कुणाचा तरी मुलगा असतो. झाडाला खिळे ठोकले की तिथून कीड लागते. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, ते अवाढव्य होतं हे खरं, पण आपल्याकडं वळवाच्या आधीचं वारं काय असतं तुम्हाला माहितीय, सुटलेली दोन फुटी पाटी मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर आली तरी पुरे.

मग करायचं काय, तर स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर, शटरशेजारी, काचेच्या आत लावा. दुसऱ्याच्या गेटवर लावायची असेल तर घरमालकाचं हो तर पाहिजेच, शिवाय जाहिरात फलकांसाठी महापालिका कायद्यात आयुक्तांच्या परवानगीची तरतूद आहे (कलम २४४ आणि २४५), तेव्हा महापालिकेत जाऊन तुमच्या मापाच्या, तेवढ्या दिवसांच्या पाटीला परवानगी आणि फी काय ते आधी विचारा, आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका, अर्ज देऊन पोच घ्या. वरच्या ताईंनाही हेच सांगते. एक चक्कर पडेल, पण ३० बोर्ड जाण्यापेक्षा बरी.

प्रश्न: पाटी फ्लेक्सची करावी, सनबोर्डची (फोमच्या कडक शीटची) की सनपॅकची? प्रिंटिंगवाला फ्लेक्सच स्वस्त म्हणतोय. – एक वाचक, होटगी रोड

दोन आठवड्यांसाठी असेल आणि सावलीत असेल तर काहीही चालतं. पण दरवर्षी वापरायची असेल तर सनपॅक घ्या, तीच ती पोकळ नळ्यांची शीट. बाजारात ८ बाय ४ फुटी शीट मिळते. त्यातून २ फूट बाय दीड फूट मापाच्या बरोबर १० पाट्या निघतात, पण लांबीकडून दीड दीड फुटाचे पाच भाग आणि रुंदीकडून दोन भाग केले तर. उलट कापली तर आठच निघतात आणि उरलेली पट्टी भंगारात जाते. कापणाऱ्यासमोर उभं राहून हे सांगा. आणि स्टँड लावणार असाल तर नळ्या उभ्या याव्या लागतात, तारेचे पाय त्याच्यात जातात.

अर्थात स्टँडचं आपल्याकडं फार जमत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तार उभीच राहत नाही, आणि पावसाळ्यात चिखल होऊन पाटी आडवी. मुरमाचं अंगण असेल तर तार जातच नाही. गेटच्या जाळीला चार कोपऱ्यांत चार केबल टाय, हेच सगळ्यात चांगलं. वारं जोराचं असेल तर मध्ये दोन भोकं पाडा.

रंगाचं मात्र नीट ऐका. माझ्या मावसबहिणीचं नवी पेठेत कपड्याचं छोटं दुकान होतं. तिने दिवाळीला पांढऱ्या फ्लेक्सवर लाल अक्षरात भाव आणि काळ्यात 'दिवाळी धमाका' असं छापून घेतलं, चांगलं दिसत होतं, मीच कौतुक केलं होतं. दिवाळी झाली, बोर्ड काढायचे राहिले. होळीपर्यंत उन्हानं लाल सगळं उडून गेलं, भावाच्या जागी पांढरा डाग, आणि काळं 'दिवाळी धमाका' तेवढं ठसठशीत! एक म्हातारे काका मार्चमध्ये आले, दिवाळीच्या भावात धोतरजोडी मागू लागले, बोर्ड आहे की म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. बहीण भाव धरून बसली. ते काका परत आले नाहीत, त्यांच्या घरची बाकी माणसंही आली नाहीत, ती अजून हळहळते. उन्हात छापलेला पिवळा आणि लालसर रंग आधी जातो, निळा-काळा टिकतो, म्हणून भाव आणि तारीख कायम काळ्यात. लाल पाहिजेच असेल तर किनारीला. पिवळी सनपॅक शीट आणि त्यावर काळ्या शाईचं स्क्रीन प्रिंटिंग, आपल्या ४२-४३ डिग्रीत मी बघितलेल्यात हेच जास्त टिकतं.

आणि प्लॅस्टिक किंवा पीव्हीसीचे १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तेव्हा स्वस्तात पातळ माल कुणी देत असेल तर घेऊ नका. पाटीवर वर्ष आणि तारीख छापू नका, त्या जागी वेगळी पट्टी चिकटवा, म्हणजे संक्रांतीची पाटी लगीनसराईला टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी पट्टी बदलून परत लागते. एका पाटीचे तीन-चार सीझन निघाले तर फ्लेक्सपेक्षा महाग कशी काय पडेल?

प्रश्न: आमच्याकडं शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी मिळते. पूर्व भागात पाट्या लावायच्या तर मराठीत की तेलुगूत? – एक वाचक, दाजी पेठ

दोन्ही. वर मराठी, खाली एक ओळ तेलुगू. दुकानाच्या मुख्य बोर्डाला मराठी देवनागरीत आणि इतर भाषेपेक्षा बारीक नाही हा राज्याचा नियम आहे, तोच क्रम पाटीला ठेवा म्हणजे वाद नाही. तेलुगू ओळ कुणा म्हाताऱ्या आजींकडून वाचून घ्या, मोबाईलवरून उचललेली नको, आपल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, घरांतली बोली वेगळी आहे, आणि आजी हसल्या तर ओळ बदला. अक्कलकोट रोडला, जिकडं कन्नड बोलणारी गावं लागतात, तिकडं तीच ओळ कन्नडमध्ये.

प्रश्न: '५० टक्के पर्यंत सूट' लिहिलं तर चालतं ना? सगळेच लिहितात. – एक वाचक

ज्या मालावर खरंच ५० टक्के आहे तो पुरेसा ठेवलाय का? दोन टॉवेल ५० टक्क्यात आणि बाकी सगळं १० टक्क्यात, आणि 'पर्यंत' मुंगीएवढं, असं असेल तर नका लिहू. आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर केंद्राने जून २०२२ मध्ये नियमावली काढलीय आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मोठा दंड आहे. त्याहून मोठं म्हणजे तुमची पाटी शेजाऱ्याच्या गेटवर आहे, गिऱ्हाईक फसलं तर शिव्या आधी त्या शेजाऱ्याला बसतात. टक्केच नको, सरळ भाव लिहा. आणि चादरीवर 'सोलापुरी' लिहायचं ते सोलापुरात विणलेली असेल तरच, त्या नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि त्यामागं इथल्या मागावर उभं राहिलेल्या माणसांचे हात आहेत.

पत्रं पाठवत राहा. पाटीचा फोटो पाठवणार असाल तर रस्त्याच्या पलीकडून, ४० फुटांवरून काढा, जवळून नको.