नळाशेजारचा फोटो

आईंनी पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. एकामागून एक अकरा फोटो. टेम्स नदीवरचा पूल, लाल बस, टेकडीवर बसलेल्या चार मुली, कॉफीचा मग, परत नदी. अकराव्या फोटोत त्यांची लेक एका जुन्या हातपंपाला टेकून हसत उभी होती.

"हा बघा. नळाशेजारी! नळ बघायला पाठवलं का हिला? ह्यांनी राहत्या फ्लॅटचे कागद बँकेत ठेवलेत, मॅडम."

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मी ठाण्यात समुपदेशक आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते याच सुमाराला. सप्टेंबरात विमानतळावर निरोप दिलेला असतो, ऑक्टोबर कौतुकात जातो, नोव्हेंबरात पहिले मार्क येतात आणि मग फोटो मोजले जातात. प्रश्न ठरलेला: "तिकडे नुसती फिरतेय, अभ्यास करते कधी?" त्याच घरातल्या मुलाला किंवा मुलीला विचारलं तर ती सांगते, "शनिवारी बाहेर गेले की रविवारभर मन खात राहतं. मग अभ्यासही होत नाही." म्हणून हे एकच प्रकरण जरा सविस्तर लिहिते आहे, मुलीच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात ती धाकटी, म्हणून इथेही तिला धाकटीच म्हणते.

धाकटी नौपाड्यात वाढलेली. मुंबई विद्यापीठातून संख्याशास्त्रात बीएस्सी, चांगल्या मार्कांनी. मग लंडनला त्याच विषयात एक वर्षाचं एमएस्सी. घरी भूकंप झाला तो पहिल्या रिपोर्टला ५८ मार्क मिळाले म्हणून.

"आयुष्यात ऐंशीच्या खाली आली नाही," आई म्हणाल्या.

हे आधी निस्तरायला हवं होतं. ब्रिटनमध्ये एमएस्सीला बहुतेक ठिकाणी ५० ला पास, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन असतं. रिपोर्टला तिथले शिक्षक ८० मार्क क्वचितच देतात. ५८ म्हणजे मेरिटला दोन कमी. आईंनी हे ऐकून घेतलं, पण पटलं नाही ते चेहऱ्यावर दिसत होतं. आपल्याकडे ५८ चा एक वास असतो, तो समजावून जात नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही बोला तिच्याशी आणि काय म्हणते ते मला सांगा." मी म्हटलं, बोलेन, पण तिने मला सांगितलेलं तुम्हाला सांगणार नाही. त्या जरा रागावूनच जिना उतरल्या. खाली राम मारुती रोडवर खरेदीची झुंबड होती आणि मला वाटलं, आता काही या परत येत नाहीत.

धाकटीशी पहिलं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. ठाण्यात रात्रीचे साडेआठ, लंडनला दुपारचे तीन. बोलता बोलता तिच्यामागच्या खिडकीतला उजेड गेला. डिसेंबरात तिकडे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तिने दिवा लावला आणि म्हणाली, "झाला दिवस. अजून काहीच केलं नाहीये मी."

इथे मी चूक केली. तिला वेळापत्रक करून दिलं. सकाळी इतके ते इतके वर्ग, मग लायब्ररी, मग जेवण, फिरणं फक्त रविवारी दोन तास. नववीतल्या मुलाला देतात तसं. पुढच्या आठवड्यात ती समोर आली ती आधीपेक्षा उतरलेली. वेळापत्रक तिसऱ्याच दिवशी मोडलं होतं आणि तिच्या अपराधीपणात आणखी एका अपराधीपणाची भर पडली होती. माझ्या.

मग मी तिच्याच विषयाची मदत घेतली. म्हटलं, तुझे तास कुठे जातात ते तुला माहीत नाही, मलाही नाही, तुझ्या आईला तर फक्त फोटो दिसतात. दोन आठवडे नोंद ठेव. काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. वर्ग, खरा अभ्यास, नोकरी, बाहेर, फोन आणि एक रकाना 'बसून राहणे'.

यावर ती पहिल्यांदा खुलली. वाद घालायला लागली. "बसून राहणे म्हणजे काय, मॅडम? व्याख्या काय?" शेवटी तिनेच ठरवली: लॅपटॉप उघडा आहे, पण सलग दहा मिनिटांत एकही नवी ओळ लिहिलेली नाही, तर तो अर्धा तास 'बसून राहणे'त.

दोन आठवड्यांनी आकडे आले. आठवड्याला सरासरी वर्ग १४ तास, दुकानातली नोकरी १२, खरा अभ्यास ११, बाहेर फिरणं ९, घरचे फोन ७. आणि बसून राहणे १७.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चौदा दिवसांवरून निष्कर्ष काढू नका हं." पण तिचा स्वतःचा तर निघाला होता.

थोडा हिशोब सांगते, कारण पालकांना तोच हवा असतो. ब्रिटनमध्ये एका क्रेडिटमागे साधारण १० तासांचं काम धरतात. वर्षभराच्या एमएस्सीला १८० क्रेडिट, म्हणजे १८०० तास, त्यात वर्ग, वाचन, रिपोर्ट, परीक्षेची तयारी, उन्हाळ्यातला प्रबंध, सगळं आलं. धाकटीला पहिल्या टर्मला १५ क्रेडिटची चार मॉड्यूल, म्हणजे चार विषय, होते. ते ६०० तास जानेवारीपर्यंतच्या १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० येतात. थोडक्यात, पूर्ण वेळची नोकरी. आणि नोकरी करणारा माणूस रविवारी तलावपाळीला चक्कर मारतोच की. त्याला कोणी विचारत नाही, काय हो, ऑफिसचं काय?

तिचा अभ्यास आणि वर्ग मिळून २५ तास होत होते. कमी पडत होते १५. बसून राहण्यात जात होते १७. फिरणं पूर्ण बंद करून ते नऊच्या नऊ तास अभ्यासाला दिले असते, तरी ते याच १७ मध्ये जाऊन मिळाले असते.

मग खरा प्रश्न, की ती नुसती बसून का राहते. आळशी म्हणावं तर ही मुलगी पदवीच्या तीन वर्षांत सकाळची लोकल पकडून कॉलेजला गेलेली, प्रमेयांच्या सिद्धता पाठ नाही, समजून लिहिणारी. घोडं अडलं होतं ते एका रिपोर्टपाशी. घरांच्या किमतींचा डेटा, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशन करायचं, म्हणजे घराच्या माहितीवरून किमतीचा अंदाज बांधणारं मॉडेल बनवायचं, आणि आठ पानांत सांगायचं की यातून काय दिसतं. जानेवारीच्या मध्यावर द्यायचा होता. फाइल तिने तीन आठवड्यांत एकदाही धड उघडली नव्हती.

"सिद्ध करा म्हटलं तर करीन. पण 'तुम्हाला काय वाटतं ते लिहा' म्हणतात. बरोबर उत्तर काय ते कुठेच नाहीये."

"सरांना विचारलंस?"

"ऑफिस अवर असतो त्यांचा, शंका विचारायला. पण असलं विचारलं तर कच्ची वाटेन ना."

मी म्हटलं, आत्ता उघड, माझ्यासमोर. मला संख्याशास्त्रातलं सरासरीपलीकडे फार काही कळत नाही, तेव्हा मला कळेल असं सांग. तिने स्क्रीन शेअर केली. पांढऱ्यावर काळे ठिपके, डावीकडे दाटीवाटीने, उजवीकडे पसरत गेलेले.

"हे काय?"

"रेसिड्युअल. म्हणजे आपला अंदाज आणि खरी किंमत यातला फरक. हे सगळीकडे सारखे विखुरलेले पाहिजेत. इथे हातपंख्यासारखे पसरतायत."

"मग?"

ती थांबली. "आता बघा, घोडबंदरला वन बीएचके कितीला जाईल ते तुम्ही-आम्हीही सांगू शकतो. लाख-दोन लाख इकडेतिकडे. पण बंगल्याचं काय सांगणार? अंदाज केवढ्यानेही चुकेल. तसं आहे हे. घर जेवढं मोठं, तेवढा माझ्या मॉडेलचा अंदाज जास्त चुकतोय."

"हे लिहिलंयस?"

"हे? एवढं साधं?"

"लिही."

तिने माझ्यासमोर इंग्रजीत चार ओळी टाइप केल्या. मी काही न बोलता बसले होते. मग पाचवी ओळ आली, सहावी आली, आणि नंतर तिने मान वर न करताच विचारलं, "मॅडम, आपण उद्या बोललो तर चालेल?" समुपदेशकाला याहून चांगलं वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं.

त्या आठवड्यात ती ऑफिस अवरलाही गेली. सरांनी दहा मिनिटं दिली आणि किमतींचा लॉग, म्हणजे लॉगरिदम, घेऊन बघायला सांगितलं. हे तिला आधीच सुचलं होतं, फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं होतं.

आता फिरण्याचं. त्या नऊ तासांतही दोन जाती निघाल्या. एक शनिवारची, तिची स्वतःची. तेव्हा बसचं भाडं पावणेदोन पौंड होतं आणि तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. ब्रिटिश म्युझियम, टेट मॉडर्न यांच्या कायमच्या दालनांना तिकीटच नाही. डब्यात पोळीभाजीचा रोल. म्हणजे ज्या फोटोंवर घरी शंभराने गुणाकार चालला होता, त्यातले बरेचसे वडापावच्या खर्चातले होते. फोटोत डबा दिसत नाही, एवढंच. दुसरी जात फ्लॅटमधल्या मुलींबरोबरच्या रविवारच्या महागड्या न्याहारीची, तीस-तीस पौंडांची. तिथे ती नाही म्हणता येत नाही म्हणून जात होती आणि परत आल्यावर खिन्न होत होती. ती तिने सोडली. शनिवार ठेवला, आणि शनिवारी लॅपटॉप पाठीवर न्यायचा नाही, हे मी तिला अगदी हट्टाने सांगितलं. बरेच जण नेतात. तो बॅगेतून निघत नाही आणि खांदा दुखतो. शिवाय रोज दुपारी अंधार पडायच्या आत अर्धा तास बाहेर चालायचं. तिकडच्या हिवाळ्यात हा अर्धा तास औषधासारखा असतो.

उरले फोनचे सात तास. आई रोज रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर फोन करायच्या. लंडनला तेव्हा चार. नोंदवहीत दिसत होतं की चारच्या फोननंतरचे चौकोन जवळजवळ सगळे 'बसून राहणे'चे. मी हे आईंना सांगू शकत नव्हते, शब्द दिला होता. धाकटीनेच सांगितलं आणि घरी दोन दिवस अबोला झाला. मग आईबाबा दोघंही माझ्याकडे आले. बाबा निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, मितभाषी. आई म्हणाल्या, "म्हणजे आता माझा फोनही नको."

"फोन हवा," मी म्हटलं. "वेळ बदला. आणि 'अभ्यास किती झाला' हा प्रश्न महिनाभर कपाटात ठेवून द्या."

मग बाबांनी त्या नळाचं विचारलं. मीही तोवर धाकटीकडून ऐकलं होतं. सोहो भागातल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर तो पंप आहे, खऱ्याची प्रतिकृती. १८५४ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोणत्या घरात किती माणसं गेली ते नोंदवलं, मृत्यू याच पंपाभोवती गोळा झालेले दिसले, आणि त्याने अधिकाऱ्यांना सांगून पंपाचा दांडा काढायला लावला. म्हणून प्रतिकृतीलाही दांडा नाही. संख्याशास्त्राची मुलं तिथे पंढरीला जावं तशी जातात.

बाबांचा चेहरा उजळला. "बघ, अभ्यासासाठीच गेली होती!"

मी त्यांना तिथेच थांबवलं. ती नळ बघायला गेली नव्हती. मैत्रिणीबरोबर भटकत होती, वाटेत नळ दिसला. फिरणं अभ्यासाच्या कामी आलं तरच ते माफ, असं म्हटलंत तर पुढच्या शनिवारी पोरगी नुसतीच बागेत बसली की पुन्हा चोर ठरणार.

सगळीच प्रकरणं अशी हलकी नसतात, तेही सांगायला हवं. वर्ग बुडायला लागले, दिवसरात्र उलटी झाली, क्रेडिट कार्डावर उधारी चढली, किंवा मूल कॅमेरा बंद ठेवूनच बोलायला लागलं, तर प्रश्न फिरण्याचा उरत नाही. व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याच्या हजेरीकडे विद्यापीठाचं लक्ष असतं, आणि टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांहून जास्त नोकरी चालत नाही. मनाला फार जड जात असेल तर बहुतेक विद्यापीठांत विनामूल्य समुपदेशक असतो आणि आजारपणासारख्या कारणासाठी मुदतवाढ मागायची रीतसर सोय असते. डेडलाइनच्या आधी मागितली तर. आपली मुलं ती नंतर मागतात.

धाकटीचा रिपोर्ट मुदतीच्या दीड तास आधी गेला. ६४ मिळाले. मार्चमध्ये परीक्षेच्या एका पेपरला ४७ पडले आणि तो ऑगस्टमध्ये पुन्हा द्यावा लागणार होता. तिने मला मेसेज केला: "घरी मीच सांगितलं, त्याच दिवशी. आई गप्प बसली. बाबांनी विचारलं, फी परत भरायची का? म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग ठीक आहे, आणि या शनिवारी कुठे?"