लपून केलेली शू

प्रश्न : डॉक्टर, शेतात सापडलेलं एक गावठी पिल्लू आम्ही घरी आणलंय, बंड्या. अडीच महिन्यांचा असेल. घरात कुठेही शू करतो. सासरे त्याचं नाक त्यात घासतात, वर एक फटका देतात. तेव्हापासून तो दिवाणाखाली जाऊन गुपचूप करतो. मुद्दाम करतो का? शिवाय माझ्या सात वर्षांच्या मुलीला सारखा चावतो. परवा तिच्या पोटरीला दात लागून थोडं रक्त आलं, हळद लावली.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या ओळीवर मी थांबले आणि अंक निघायची वाट न बघता तुम्हाला फोन केला. तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते. खेळताना लागलेला दातही दातच असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. पिल्लू धडधाकट दिसतंय म्हणून थांबायचं नाही, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणसाला वाचवणं जवळपास अशक्य असतं. बंड्यालाही याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात न्या. सेव्हन-इन-वन, म्हणजे सात आजारांवरच्या एकत्र लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचा असतानाच द्यायचा असतो, रेबीजची लस तीन महिने पुरे झाल्यावर. जंताचं औषधही विचारून घ्या.

आता दिवाणाखालचं. मुद्दाम करायला पिल्लाला आपल्यासारखा आकस धरता येत नाही. फटका बसतो तेव्हा शू करून पाच-दहा मिनिटं झालेली असतात. त्याला त्या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. त्याला एवढंच कळतं, की माणूस आणि शू एका ठिकाणी आले की मार बसतो. मग तो माणसाच्या नजरेआड जातो. माझ्या टेबलावर असंच एक पिल्लू आलं होतं. मालकांनी चष्मा सारखा करायला हात वर केला, तर त्याने शेपटी पोटाशी घेतली, कान मागे पाडले आणि स्टीलच्या टेबलावर चार थेंब गळले. ती शू भीतीची होती. तिला फटका दिला तर ती वाढतेच.

या वयात त्याला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरवत नाही. झोपून उठला की लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ थांबला की, आणि जमीन हुंगत गोल फिरायला लागला की उचलायचा. नेहमी एकाच कोपऱ्यात न्यायचा. गच्ची किंवा घरामागचं बंदिस्त अंगण चालेल. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. मात्र कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, शाळेतली पोरं सगळं दाखवा, या गोष्टींची सवय लागायचं हेच वय आहे. कोपऱ्यात गप्प उभं राहायचं. त्याचं उरकलं की तिथेच, त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. घरात आल्यावर दिलात तर तो घरात येण्याचा खाऊ होतो.

दिवाणाखाली फिनाईलने काम होत नाही. आपल्याला वास येईनासा होतो, त्याला येतच राहतो. आधी कपड्याने टिपा, मग निम्मं पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसा.

चावण्याचंही सांगते. भावंडांत असताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो, त्यातून ते आवरायला शिकतं. बंड्याला ती शाळा पुरती मिळालेली नाही. मुलगी ओरडत पळाली की त्याला पाठलागाचा खेळच मिळतो. तिने हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, तोंड फिरवायचं. पण त्या दोघांना एकटं सोडू नका. फ्रीजमध्ये गार केलेला, गाठ मारलेला ओला पंचा त्याला चघळायला द्या. चौथ्या महिन्यापासून दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस नवे येतील, तोवर हिरड्या शिवशिवणारच.

सासऱ्यांना बोल लावू नका. त्यांच्या लहानपणी कुत्रं अंगणातच असायचं, त्याला शू शिकवायची वेळच कुणावर आली नाही. ते पहाटे उठत असतील, तर बंड्याची पहिली फेरी त्यांच्याकडे द्या आणि अंड्याची वाटीही त्यांच्याच हातात. ज्या हाताला तो भितो, त्याच हातातून खाऊ मिळायला हवा. पहिले काही दिवस तो जवळ येणार नाही. त्याला ओढू नका, तुकडा जमिनीवर ठेवून त्यांना दोन पावलं मागे सरकायला सांगा.