उत्तर: चुनखडकात २२ टक्के पोरोसिटी आहे, मग पर्मिएबिलिटी का नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की कोअरच्या (विहिरीतून काढलेल्या दगडी दंडगोलाच्या) प्लगमध्ये, म्हणजे त्यातून कापलेल्या छोट्या तुकड्यात, पोरोसिटी (दगडातल्या पोकळ्यांचं प्रमाण) २२ टक्के आली, न्यूट्रॉन आणि डेन्सिटी लॉगही (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी) तेवढीच दाखवतायत, पण पर्मिएबिलिटी (दगडातून द्रव वाहू देण्याची क्षमता) जेमतेम अर्धा मिलिडार्सी, तर लॅबनं मोजायला चूक केली का आणि हा थर तेलासाठी धरायचा की सोडायचा. लॅबवर लगेच संशय घेऊ नका. चुनखडकात हे अगदी होतं, आणि आधी वालुकाश्मावर काम केलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागतो, मलाही बराच लागला होता.

वालुकाश्मात छिद्रं म्हणजे मुख्यतः दाण्यांच्या मधली जागा, त्यामुळे पोरोसिटी वाढली की वाट पण मोकळी होते. चुनखडक मुळात शिंपले, प्रवाळ, शेवाळ यांच्या चुन्याचा, आणि साचून झाल्यावरही तो गप्प बसत नाही, पाणी बदललं की एकीकडे विरघळतो, दुसरीकडे त्याच चुन्याचं सिमेंट बसतं. म्हणजे जिथे दाणा होता तिथे पोकळी आणि जिथे पोकळी होती तिथे दगड, असं पूर्ण उलटं झालेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तुम्ही लिहिलंय की खडक ऊलाइटचा आहे, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे. ते दाणे ॲरागोनाइटचे (चुन्याचंच, पण लवकर विरघळणारं खनिज) असतील आणि गोड्या पाण्याने विरघळले असतील तर प्रत्येक दाण्याच्या जागी एक बंद खोली उरते, खोल्या भरपूर पण दारंच नाहीत. तुमचे आकडे मला तरी तसेच वाटतात.

खात्री करायला निळं रेझिन भरलेली थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा दगडाचा पातळ काप, त्यात निळं म्हणजे पोकळी) बघा, आकड्यांच्या आधी खरं तर हीच बघायची. निळा रंग गोलांच्या आत आणि मध्ये पांढरं सिमेंट, तर माझा अंदाज बरोबर. निळा गोलांच्या मध्ये असेल तर मग मात्र पर्मिएबिलिटी पुन्हा मोजून घ्या. आणि निळा स्पष्ट कुठेच नसून सगळीकडे फिकट धूसर दिसला तर ती मायक्रोपोरोसिटी, तिच्यात बारीक छिद्रांनी धरून ठेवलेलं पाणी असतं, लॉगवर वॉटर सॅच्युरेशन (पोकळ्यांतला पाण्याचा वाटा) जास्त दिसतं आणि तरी विहिरीतून पाणी येत नाही, लोक घाबरून चांगला थर सोडून देतात. खडकाला नाव देताना डनहॅमची १९६२ ची पद्धत वापरा, त्यातला मुख्य प्रश्न एवढाच की दाणे एकमेकांवर टेकलेत की चुन्याच्या चिखलात तरंगतायत. पण ते नाव खडक साचतानाचं आहे, छिद्रांचं आज काय झालंय हे ते सांगत नाही, म्हणून ग्रेनस्टोन (टेकलेल्या दाण्यांचा, चिखल नसलेला खडक) लिहिलं की झालं असं समजू नका.

सॉनिक लॉग असेल तर अजून एक सोपी तपासणी आहे. आवाजाची लाट सुट्या पोकळ्यांना वळसा घालून घट्ट दगडातून पुढे जाते, त्यामुळे सॉनिकची पोरोसिटी न्यूट्रॉन-डेन्सिटीपेक्षा बरीच कमी आली तर पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत असा संशय घ्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे माणसं खरंच फसतात: आर्चीच्या सूत्रातला एम. हे सूत्र पोरोसिटी आणि रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) यांवरून वॉटर सॅच्युरेशन काढतं, आणि एम हा त्यातला पोरोसिटीचा घातांक. सवयीने सगळे २ धरतात. पोरोसिटी २० टक्के, पाण्याची रेझिस्टिव्हिटी ०.०४ आणि थराची १० ओहम-मीटर धरून बघा, एम २ असेल तर वॉटर सॅच्युरेशन येतं ३२ टक्के, म्हणजे सगळे खूश. तोच एम ३ केला, जो अशा सुट्या पोकळ्यांच्या खडकात अगदी शक्य असतो, तर येतं ७१ टक्के. लॉग तोच, विहीर तीच आणि तेलाचा साठा निम्म्याहून कमी. म्हणून एम कोअरवर मोजून घ्या, पुस्तकातला उचलू नका. भेगा असतील तर उलट तो २ च्या खाली जातो.

डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखाच खडक) आहे का तेही बघा. पातळ ॲसिड टाकलं की चुनखडक जोरात फसफसतो, डोलोमाइट पूड केल्याशिवाय नीट फसफसत नाही, आणि थिन सेक्शनमध्ये ॲलिझरिन रेड या रंगाने कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज) लाल होतो, डोलोमाइट होत नाही. हे नुसतं नावापुरतं नाही, डेन्सिटी लॉग २.५५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) वाचत असेल तर कॅल्साइटच्या २.७१ ने पोरोसिटी ९ टक्के निघते आणि डोलोमाइटच्या २.८७ ने १७.

भेगांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे मी स्वतः चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीत ४-५ टक्के पोरोसिटीचा थर मी काही नाही म्हणून सोडून दिला, आणि ड्रिलिंगच्या रिपोर्टमध्ये नेमक्या त्याच खोलीवर मड लॉस (ड्रिलिंगचा चिखल थरात निघून जाणं, भेगांची खूण) लिहिलेला होता तो मी वाचलाच नव्हता. नंतर दुसऱ्या कोणीतरी टेस्ट घेतली आणि तेल आलं. इराणच्या अस्मारी चुनखडकात खुद्द दगडाची पर्मिएबिलिटी फार नाही, तरी भेगांमुळे तिथल्या विहिरी जोरात वाहिल्या. नॉर्वेजियन समुद्रहद्दीतल्या एकोफिस्कला खडू आहे, पोरोसिटी ३० टक्क्यांच्या वर पण दगडाची पर्मिएबिलिटी थोडक्या मिलिडार्सी, तिथेही भेगांचीच मदत, आणि तेल काढल्यावर तो मऊ खडक इतका दबला की समुद्राचा तळ खचला आणि १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले. प्लग दीड इंचाचा असतो, भेग किंवा मोठी पोकळी त्यात येतच नाही, आलीच तर प्लग तुटतो आणि मग मोजला जात नाही, म्हणजे चांगला भाग नमुन्यातूनच गळतो. म्हणून होल कोअर (प्लग न कापता अख्खा कोअर) मोजून घ्या, इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) बघा, आणि शेवटी वेल टेस्टच्या प्रेशर बिल्डअपवर (विहीर बंद केल्यावर दाब कसा चढतो त्यावर) विश्वास ठेवा, ती विहिरीपासून लांबपर्यंतचं सांगते.

वर सील (तेल अडवणारा थर) आणि बाजूला सोर्स (तेल तयार करणारा खडक) आहे असं तुम्ही लिहिलंयच, त्यात पडत नाही. अर्धा मिलिडार्सी तेलाला कमी आहे, पण गॅस असेल तर लगेच सोडू नका, गॅस पातळ, त्याला एवढी वाटही पुरू शकते, आणि ॲसिड जॉबने (विहिरीत ॲसिड सोडल्याने) विहिरीजवळचा चुनखडक खुला होतो. पण ॲसिड विहिरीपासून लांबच्या बंद खोल्यांना दारं काढून देत नाही.

थिन सेक्शनचा फोटो टाका, आणि त्या खोलीला मड लॉस आहे का तेवढं रिपोर्टमध्ये बघून लिहा, मग एम किती धरायचा ते बोलू.