पुणे विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांचं खरंच काही चालतं का?

चालतं, पण अभ्यासक्रमाच्या बाबतीत जास्त, पैशाच्या आणि नेमणुकांच्या बाबतीत कमी.

सगळा डोलारा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 वर उभा आहे. अधिसभेवर (म्हणजे सिनेटवर) शिक्षक निवडून जातात, प्राचार्य, संस्थाचालक आणि नोंदणीकृत पदवीधरही असतात. अर्थसंकल्पावर चर्चा तिथेच होते. मार्चमध्ये तिथे जी खडाजंगी होते, ती दुसऱ्या दिवशी पेपरात येते. खरी कार्यकारी सत्ता मात्र व्यवस्थापन परिषदेकडे, आणि तिचे अध्यक्ष कुलगुरू.

लोक ज्याच्याकडे दुर्लक्ष करतात ते अभ्यास मंडळ. तुमच्या विषयाला कोणता पेपर, कोणती पुस्तकं, याची सुरुवात तिथून होते, मग तो प्रस्ताव विद्याशाखेकडे (फॅकल्टी) आणि शेवटी विद्या परिषदेकडे (अकॅडमिक कौन्सिल) जातो. पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांना तोच अभ्यासक्रम शिकवावा लागतो (स्वायत्त कॉलेजं सोडून), म्हणजे हे काही किरकोळ काम नव्हे. मंडळावर विभागप्रमुखांमधून निवडून आलेले सदस्य असतात, पण नामनिर्देशित जास्त.

इथेच माझी तक्रार आहे. आधीच्या, 1994 च्या कायद्यात अधिष्ठाते (म्हणजे डीन, विद्याशाखेचे प्रमुख) निवडून यायचे. 2016 च्या कायद्याने ते निवड समितीमार्फत नेमले जाऊ लागले. निवडणुकीतलं गटबाजीचं राजकारण मलाही नको होतं, पण त्यासोबत शिक्षकांना उत्तरदायी असणारं एक पदही गेलं.

तुम्ही कॉलेजात नवीन असाल तर आधी अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघाच्या यादीत नाव आहे का ते बघा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारे दर वेळी भेटतात.