दुसरीतला मुलगा वाचत नाही म्हणून डिस्ट्रिक्ट बदलायचं का? आमचा अनुभव

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मला झोप लागेना. तुमचा मुलगा सेकंड ग्रेडमध्ये, गोष्टी ऐकायला आवडतात, पण चार अक्षरी शब्दावर अडतो. टीचर म्हणतात, घरी मराठी बोलता म्हणून मागे आहे, वर्षभर थांबा. आणि तुम्ही विचारताय की जर्सी सिटी सोडून मोठ्या रेटिंगच्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळांच्या विभागात) घर घ्यावं का. आठ वर्षांपूर्वी न्यू जर्सीतच, आमच्या घरी अगदी हेच बोलणं रोज रात्री चालायचं.

आम्ही घर बदललं. माझं स्पष्ट मत आहे की त्या कारणासाठी बदलायला नको होतं. वेबसाइटवरचं रेटिंग मुख्यतः परीक्षेच्या गुणांवर बनतं, आणि ते गुण बऱ्याच अंशी आईवडिलांच्या उत्पन्नाबरोबर चालतात. वाचताना अडणाऱ्या मुलाला ती शाळा काय देते, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. आम्ही प्रॉपर्टी टॅक्स दुप्पट भरला आणि उत्तर तेच मिळालं: थांबा.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्हीही त्याच वाटेवर दिसताय. मी सगळं तोंडी केलं. दोनदा शाळेच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की मुलाला शिकण्यात काही अडचण आहे का, याची तपासणी करा, एकदा फोन केला. दरवेळी गोड बोलून ‘नोंद केली आहे’ म्हणाले. आपल्याकडे शाळेत जाऊन बाईंना भेटलं, विनंती केली की काम होतं, या सवयीने मी निश्चिंत राहिले. वर्षाने चौकशी केली तर फाइलमध्ये एक ओळही नव्हती. कागद नाही म्हणजे त्यांच्या लेखी मी कधी विचारलंच नव्हतं. ते वर्ष मला आजही बोचतं. त्याच वर्षात माझा मुलगा स्वतःला ‘ढ’ समजायला लागला.

म्हणून याच आठवड्यात पत्र लिहा. डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशनच्या प्रमुखांना, प्रत प्रिन्सिपलना. मुलाचं नाव, इयत्ता, काय अडतंय त्याची दोन-तीन उदाहरणं, आणि चाइल्ड स्टडी टीमकडून (शिकण्यातल्या अडचणी तपासणारा डिस्ट्रिक्टचा तज्ज्ञ गट) संपूर्ण मूल्यमापन हवं आहे हे स्वच्छ वाक्य. तारीख घाला, ईमेल करा आणि पोचही घ्या. न्यू जर्सीत लेखी विनंती मिळाल्यापासून 20 दिवसांत त्यांना मीटिंग बोलवावी लागते. त्या दिवसांत शाळेच्या इतर सुट्ट्या धरत नाहीत, पण उन्हाळ्याची सुट्टी धरतात. त्यामुळे जूनमध्ये ‘आता सप्टेंबरात बघू’ म्हणाले तर मानू नका. तुम्ही संमतीची सही केल्यावर तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर आयईपी (त्या मुलापुरती आखलेली शिक्षणाची लेखी योजना) सुरू होणं, हे सगळं 90 दिवसांत व्हायला हवं. नकार दिला तर कारण लेखी मागा. (मी वकील नाही. दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी आपापल्या मुदती बघाव्यात. राज्याची वेगळी मुदत नसेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यानुसार संमतीपासून 60 दिवसांत मूल्यमापन पूर्ण व्हायला हवं.)

‘आधी वर्गातली जादा मदत देऊन बघू, मग तपासणी’ असंही ऐकवतील. मदत जरूर घ्या, पण केंद्राच्या शिक्षण खात्याने 2011 मध्येच राज्यांना कळवलं आहे की अशा मदतीच्या नावाखाली मूल्यमापन लांबवता येत नाही. पत्रात हे वाक्य घातलं की भाषा बदलते, स्वानुभव आहे.

आणि कृपा करून घरातली मराठी बंद करू नका. आम्ही केली. शनिवारच्या मराठी शाळेतून नाव काढलं, आजीला व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलायला लावलं. आजी बिचारी हाय-बाय करून फोन माझ्याकडे द्यायची. मुलाचं वाचन त्याने तसूभर सुधारलं नाही, कारण अडचण डिस्लेक्सियाची (अक्षरं-शब्द वाचताना येणाऱ्या अडचणीची) होती, भाषेची नव्हतीच. तुमच्याही मुलाचं तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण मूल्यमापन करणाऱ्यांना मराठीबद्दल मुद्दाम सांगा: गोष्ट मराठीत नीट सांगतो का, यमक ओळखतो का, बोलायला उशिरा लागला का. अडचण दोन्ही भाषांत दिसते की फक्त इंग्रजीत, यावरूनच बरंच कळतं. कायद्याने तपासणी शक्य तिथे मुलाच्या भाषेत करायची असते, आणि मीटिंगला दुभाषा मागायचा तुम्हाला हक्क आहे. तुमचं इंग्रजी चांगलं असलं तरी यजमानांना किंवा आजीआजोबांना बरोबर न्यायचं असेल तर मागा.

अशी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्डाला अडचण येईल, ही व्हिसाची भीती तुम्ही लिहिली आहे. एच-4 वरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलालाही हे सगळं मिळतं, फुकट. सरकारी शाळेतलं शिक्षण घेतल्याने ग्रीन कार्डात ‘सरकारवर ओझं’ धरलं जात नाही. आमच्या ओळखीत दोन कुटुंबं याच भीतीने गप्प बसली, मला फार वाईट वाटलं.

मुलाला आयईपी मिळाल्यावर ध्वनी आणि अक्षराची जोडी पायरीपायरीने शिकवणारी टीचर लाभली, आठवड्यातून चार दिवस. सहा महिन्यांनी तो गाडीत बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागला. मी गाडी बाजूला घेऊन रडले.

जाता जाता, धाकटी तीन वर्षांची आहे म्हणालात. जर्सी सिटी त्या डिस्ट्रिक्टपैकी आहे जिथे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ॲबट खटल्यात (गरीब भागांतल्या शाळांच्या निधीबद्दलचा खटला) तीन-चार वर्षांच्या मुलांना प्रीस्कूल द्यायला लावलं. ते मोफत असतं. इथल्या डेकेअरची फी बघता घर बदलण्याआधी हाही हिशोब करा, आणि रहिवासाचे पुरावे गोळा करून नावनोंदणीची चौकशी आत्ताच करा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, माझं जुनं पत्र नावं खोडून पाठवते.